ऑईल थंड गाडीतच बघायचं, हे कुणी ठरवलं?

मे महिना आला की मुंबई-पुण्याकडच्या बसक्या, रुंद गाड्या आरे-वारेच्या रस्त्यावर दिसायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग तो मेसेजही फिरू लागतो. ‘स्पोर्ट्स कारवाल्यांनो, कोकणात उतरण्याआधी वाचा’. आत पाच सल्ले: ऑईल सकाळी थंड इंजिनातच तपासा, घाट आहे म्हणून अर्धा लिटर जास्त भरा, उकाड्यात जाड ऑईल वापरा, ऑईल कमी होत असेल तर इंजिन गेलं समजा, आणि ऑईलचा दिवा लागेपर्यंत काळजी नको. हातखंब्याजवळ माझं गॅरेज आहे. या सल्ल्यांची फळं टो होऊन माझ्या दारात येतात, म्हणून हा खटाटोप.

पहिला सल्ला अगदीच खोटा नाही, म्हणूनच तो जास्त घातक. साध्या गाडीत ऑईल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये असतं. रात्रभर उभी राहिली की वरचं सगळं खाली निथळतं आणि ऑईल मोजायची पट्टी (डिपस्टिक) खरं सांगते. पण १९९८ पर्यंत निघालेल्या, हवेवर थंड होणाऱ्या पोर्श ९११ मध्ये ऑईलची टाकी वेगळी, मागच्या उजव्या चाकाजवळ. पट्टी त्या टाकीत बुडते. इंजिन बंद असताना टाकीतलं ऑईल हळूहळू पंपातून इंजिनात झिरपतं, टाकी उतरते आणि सकाळी पट्टी कोरडी निघते. ऑईल गेलं कुठेच नाही, फक्त जागा बदलून बसलंय. म्हणून ही गाडी चांगली तापवून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवूनच बघायची.

दोन वर्षांपूर्वी असली एक गाडी गणपतीपुळ्याला मुक्कामी होती. सकाळी पट्टी कोरडी बघून मालकाने मला फोन केला आणि मी, वीस वर्षं गॅरेज चालवणारा शहाणा, म्हणालो, ‘घाला दोन लिटर’. निवळीपर्यंत येईतो मागे निळ्या धुराचा पडदा. जास्तीचं ऑईल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरमध्ये गेलं होतं. फिल्टर पिळला असता तर अर्धी बाटली भरली असती. चूक माझी होती, पैसे घेतले नाहीत.

अलीकडच्या बऱ्याच पोर्शमध्ये तर पट्टीच नाही, पातळी स्क्रीनवर येते. काही गाड्या ती इंजिन चालू असताना मोजतात, काही बंद करून थोडं थांबल्यावर. कुठली कशी, ते त्या गाडीच्या पुस्तकात असतं. शिवाय ऑईल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण ०.०७ टक्का. ३० अंशांवरून ९० वर गेलं की ८ लिटरमागे तीनशे मिलीच्या वर फरक. गरम गाडीसाठी आखलेल्या खुणेपर्यंत थंड गाडी भरली, तर तेवढं जादाच पडतं.

आता सपाट जागा. आमच्याकडे खरी पंचाईत हीच. घराच्या दारात उतार, हॉटेलच्या आवारात उतार, समुद्राकडे जाणारा रस्ता तर उतारच. पोर्श ९११ चं बॉक्सर, म्हणजे आडव्या सिलिंडरचं, इंजिन रुंद आणि पसरट, त्याचं चेंबरही तसंच, त्यामुळे गाडी जराशी कलली तरी आकडा बदलतो. मी गिऱ्हाइकाला सरळ सड्यावर पाठवतो. जांभ्याच्या कातळासारखी सपाटी गॅरेजातही मिळत नाही.

‘अर्धा लिटर जास्त बरं’ यामागचा विचार कळतो. वळणावर ऑईल एका बाजूला जातं, पंप उघडा पडेल अशी भीती. पण त्यासाठी पातळी वरच्या खुणेच्या आत, वरच्या अंगाला ठेवली की झालं. खुणेपलीकडे भरलं की फिरती क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) ऑईलला लागते आणि ताक घुसळावं तसा फेस होतो. पंप मग फेसच ओढतो, आणि फेसाने बेअरिंग वाचत नाही. भरायचं तर पाव लिटर घाला, थांबा, पुन्हा मोजा. जास्त झालंच तर काढून टाका, ‘जळून जाईल’ म्हणून पुढे आंबा घाट चढू नका.

जाड ऑईलचं म्हणाल, तर बाहेर ३५ अंश असो की १५, तापलेल्या इंजिनात ऑईल ९०-१०० अंशांच्या आसपासच असतं. ऑईलच्या डब्यावरच्या ०डब्ल्यू-४० मधला ४० हा त्या गरम अवस्थेतल्या जाडीचा आकडा आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं त्याचा. म्हणजे कोकणातल्या घामाचा या हिशेबात फारसा वाटा नाही. जुन्या हवेवरच्या ९११ ला २०डब्ल्यू-५० चालतं, हे मान्य. नव्या इंजिनाच्या बारीक वाटांत ते घालू नका.

कोकणाचा खरा त्रास दमटपणाचा. पावसाळाभर उभी राहिलेली किंवा रोज दोनच किलोमीटर फिरणारी गाडी नीट तापत नाही, आतलं बाष्प उडत नाही आणि झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट थर धरतो. लांब फेरी मारली की बहुतेक वेळा तो जातो. कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, बघा. आणि ऑईल न घालता पातळी वाढली, तर ती कमी झाल्यापेक्षा वाईट बातमी. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणातून आलेल्या गाड्यांची पट्टी खुणेच्या कितीतरी वर होती. तळाला पाणी, वर तरंगणारं ऑईल. ज्यांनी ‘भरलेलं आहे की’ म्हणून स्टार्टर मारला, त्यांची इंजिनं खोलावी लागली.

ऑईल खाते म्हणजे इंजिन गेलं? पोर्शच्या काही जुन्या पुस्तकांत १,००० किलोमीटरला १.५ लिटरपर्यंतचा खप चालतो असं छापलेलं आहे. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात उभ्या गाडीचं थोडं ऑईल पिस्टनच्या रिंगांमागून सिलिंडरमध्ये झिरपतं, त्यामुळे सकाळी निळ्या धुराची एखादी फुंकर निघते. माझदाच्या रोटरी इंजिनात तर ऑईल मुद्दाम आत सोडून जाळतात, आतलं सील टिकावं म्हणून. खप अचानक वाढला, तर मात्र गाडी घेऊन या.

राहिला दिवा. तो लाल असेल, तर पातळीचा नाही, दाबाचा असतो. ‘पुढच्या पंपावर बघू’ एवढाही वेळ नाही. तिथेच कडेला घ्या आणि चावी फिरवून इंजिन बंद करा.