फायनल फँटसी मूळ रूपापासून भरकटली, हा दावा कितपत खरा?

दीर्घकाळ चालणाऱ्या फँटसी गेम-मालिकांबद्दल एक दावा पुन्हा पुन्हा फिरत असतो. फायनल फँटसीने टर्न-बेस्ड, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाळीपाळीने वार करण्याची, लढाई सोडली तेव्हाच ती संपली, झेल्डा ओपन वर्ल्डच्या, म्हणजे हवे तिथे मोकळे फिरू देणाऱ्या गेम्सच्या, लाटेत वाहून गेली आणि ड्रॅगन क्वेस्ट कधीच बदलली नाही म्हणून टिकली, असा त्याचा आशय आहे. या मालिकांवर माझेही प्रेम आहे, आणि त्या प्रेमापोटीच मला हा दावा खोडून काढावासा वाटतो.

पहिला मुद्दा फायनल फँटसीचा. 1987 च्या पहिल्या भागात लढाई टर्न-बेस्ड होती, हे खरे. पण लगेच पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागाने अनुभवाचे गुण मिळवून पातळी वाढवण्याची पद्धतच काढून टाकली. जे शस्त्र वापराल त्यात प्रावीण्य वाढे आणि मार खाल्ला की जीवनशक्ती वाढे. त्यामुळे खेळाडू आपल्याच साथीदारांवर वार करून त्यांना बळकट करू लागले. 1991 च्या चौथ्या भागात गेम डिझायनर हिरोयुकी इतो यांनी घडवलेली अॅक्टिव्ह टाइम बॅटल ही लढाईची पद्धत आली आणि आदेश द्यायला उशीर झाला की शत्रू वाट न पाहता वार करू लागला. म्हणजे शुद्ध टर्न-बेस्ड लढाई मुख्य मालिकेतून चौथ्याच भागात गेली होती. 2001 मध्ये दहाव्या भागाने ती परत आणली आणि 2006 च्या बाराव्या भागात लढाईसाठी वेगळा पडदाच उरला नाही. 2023 च्या सोळाव्या भागातील अॅक्शन, म्हणजे पाळीची वाट न पाहता चालणारी लढाई, कोणाला आवडो वा न आवडो, पण ज्या मालिकेचे मुख्य भाग सहसा नवे जग, नवी पात्रे आणि नवे नियम घेऊन येतात, तिने नियम बदलले म्हणून तिला परकी ठरवणे मला पटत नाही.

झेल्डाविषयीचा आक्षेप तर उलटाच लागू पडतो. 1986 च्या मूळ गेममध्ये पहिल्याच पडद्यावर एक गुहा आणि तीन दिशांना जाणाऱ्या वाटा दिसतात. गुहेतील म्हाताऱ्याकडून तलवार न घेताही पुढे जाता येते. 2017 च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये सुरुवातीचे पठार ओलांडले की थेट अंतिम शत्रूवर चालून जाता येते. हा गेम घडवताना त्याच्या निर्मात्यांनी मूळ झेल्डाच्या धर्तीवर द्विमितीय नमुना बनवून कल्पना तपासल्या होत्या, हे त्यांनीच जाहीरपणे दाखवले आहे. ज्यांना ‘खरी झेल्डा’ म्हणून बरेचसे ठरलेल्या क्रमाने चालणारी 1998 ची ऑकारिना ऑफ टाइम आठवते, ते 1998 लाच मालिकेचा आरंभ मानत आहेत.

ड्रॅगन क्वेस्टबाबत थोडक्यात सांगता येईल. पहिल्या भागात एकच नायक एका वेळी एकाच शत्रूशी लढत असे. दुसऱ्यात तिघे आणि तिसऱ्यात चौघे आले, पाचव्यात राक्षसांना साथीदार करता येऊ लागले आणि 2012 चा दहावा भाग ऑनलाइन झाला. आदेश निवडून लढण्याची तिची चौकट टिकली, पण तिच्या आत बरेच काही बदलत राहिले.

या दाव्यात तथ्याचा एक अंश आहे, आणि तो एल्डर स्क्रोल्स या दुसऱ्या फँटसी गेम-मालिकेच्या बाबतीत दिसतो. 2002 च्या मॉरोविंडमध्ये पात्रे तोंडी वाट सांगत, ती रोजनिशीत नोंदली जाई आणि रस्ता, नदी, टेकडी ओळखत ठिकाण शोधावे लागे. 2006 च्या ऑब्लिव्हियनपासून होकायंत्रावरचे चिन्ह ते काम करू लागले. मॉरोविंडमध्ये तलवार डोळ्यांदेखत शत्रूला लागूनही आकडेमोडीत वार फुकट जाई, ते पुढे गेले याचे मला दुःख नाही. पण भूप्रदेश वाचत वाट काढण्याचा तो आनंद पुढच्या भागांत तितक्या भरभरून परत मिळाला नाही, हे मी मान्य करतो.