प्लेटमार्क नाही म्हणून नकली?

जुनी छापचित्रं ओळखण्यावरचा लेख आवडला, पण ‘प्लेटमार्क (छापताना पत्र्याच्या कडांचा कागदावर उमटलेला दाब) दिसला नाही तर छापचित्र नकली समजा’ हा त्यातला सल्ला नवख्यांना महागात पडेल. तो दाब उमटतो तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांवर, आणि कडा कापल्या असतील तर तिथेही उरत नाही. लाकडी ठशाला तर तो येतच नाही. सोळाव्या शतकातल्या पाओलो जोव्हिओ या इटालियन इतिहासकाराने कोमो सरोवराकाठच्या घरात राजे-सरदारांची चित्रं जमवली होती. त्यांवरून चित्रकार तोबियास स्टिमरने केलेली चित्रं स्वित्झर्लंडमधल्या बासेलचा मुद्रक पिएत्रो पेर्ना याने १५७५ मध्ये पुस्तकात लाकडी ठशांनीच छापली. बाजारात अशी चित्रं येतात ती बहुतेक अशाच पुस्तकांतून सुटी केलेली पानं. (धड पुस्तक फाडून पानं विकणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, असो.) म्हणून मागे लॅटिन मजकूर असेल तर बिचकू नका, उलट बरंच. कागद उजेडासमोर धरा. कागद बनवायच्या साच्यातल्या तारांच्या रेघा दिसल्या पाहिजेत. बिनरेघांचा युरोपीय कागद १७५० च्या दशकाआधी नव्हताच.

आणखी एक गंमत. इटलीतल्या उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो याचा उजवा डोळा गेला होता, त्यामुळे रंगचित्रांत तो डावी बाजू दाखवतो. छापात उजवी बाजू दिसली, तर कोरणाऱ्याने चित्र पत्र्यावर सरळच उतरवलं असणार. छापताना ते उलटतं.