डिस्कपेक्षा मोठी फाइल!

पुन्हा तेच! डिस्क भरली म्हणून लिनक्सवर फोल्डरांची मापं काढायला बसलो, तर 'प्रॉक' नावाच्या फोल्डरमध्ये 'केकोअर' नावाची एकच फाइल 128 टेराबाइटची. अरे, अख्खी डिस्क 256 जीबीची! ही फाइल डिस्कवर नसतेच. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, मेमरी फाइलचं सोंग घेऊन बसलेली असते. रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊन पुसायला जावं तरी नकार, आणि पुसून मिळणार काय? शून्य. त्या मापाच्या अ‍ॅपला मात्र ही भुताटकी सगळ्यात वर, लालभडक पट्टीत मिरवायची हौस! खरा चोर खाली गुपचूप: 'व्हार' फोल्डरमधले जुने लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइली, 40 जीबी. त्यापेक्षा 'डीयू' या मापं काढणाऱ्या कमांडला 'उणे एक्स' (-x, म्हणजे 'याच डिस्कपुरतं बघ') दिलं असतं तर तो प्रॉकच्या वाटेला गेलाच नसता. हे मला दर वेळी तासभर झटल्यावर आठवतं.