सभा पाचची, नेता पावणेदहाचा

कोल्हापूर हे माझं सासर. म्हणजे तिथं माझं कुणी ऐकत नाही. निवडणुकीच्या हवेत तिकडं फिरकायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं, पण सासऱ्यांच्या मोतीबिंदूनं आणि महापालिकेच्या निवडणुकीनं एकच मुहूर्त धरला. तिन्हीसांजेला मेहुणा चपला घालूनच आत आला.

"दाजी, चला. गांधी मैदानावर सभा हाय."

"कुणाची?"

"ते कशाला पायजे? सभा हाय न्हवं."

मेहुण्याला पक्ष नाही. पक्ष असला की निम्म्या सभा बुडतात, असं त्याचं गणित. 2023 साली ऑगस्टमध्ये दसरा चौकात शरद पवारांची सभा झाली, सप्टेंबरात तपोवन मैदानावर अजित पवारांची. मेहुणा दोन्हीकडं पुढच्या रांगेत, आणि शिट्टीही दोन्हीकडं तीच. मागं 2019 च्या लोकसभेला काँग्रेसच्या सतेज पाटलांनी 'आमचं ठरलंय' म्हणून सांगितलं होतं. काय ठरलंय ते न सांगताही अख्ख्या जिल्ह्याला कळलं. तेव्हापासून आमच्या सासुरवाडीत रविवारी तांबडा-पांढरा की साधं वरण, हा निकालही याच दोन शब्दांत लागतो. जावयाचं मत विचारत नाहीत.

मैदानाच्या तोंडाशीच एकानं माझ्या गळ्यात उपरणं टाकलं. मी काढायला गेलो तर मेहुणा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, थंडी हाय." त्यानं दोन खुर्च्यांना रुमाल बांधले. व्यासपीठावर कुणीतरी "मी आपला जास्त वेळ घेणार नाही" म्हणाला आणि पुढचा पाऊण तास घेतला. विषय हद्दवाढ. हायकोर्टाच्या खंडपीठाचा विषय बिचारा 2025 साली कोल्हापुरात सर्किट बेंच आल्यावर भाषणांतून रिटायर झाला, त्यामुळं आता सगळा भार एकट्या हद्दवाढीवर. "शहराची हद्द वाढलीच पाहिजे!" असं वक्ता गरजला तेव्हा मागून आवाज आला, "आधी तुझं भाषण हद्दीत आण!" सगळं मैदान हसलं. वक्ताही हसला. बहुधा त्याच्या बोलण्यावरच हसलोय असं त्याला वाटलं असावं.

"मोठा नेता नऊशिवाय येत न्हाय," मेहुणा उठला. "तवर गाव दावतो."

अशी माझी कोल्हापूर दर्शनाची सहल उपरण्यासकट निघाली. खासबाग मैदानाच्या दारातनं त्यानं आत बोट दाखवलं. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 मध्ये पुरं झालेलं. "कुठंबी बसा, पैलवान सगळीकडनं दिसतो. म्हणून पुढाऱ्यांस्नी हितं परवडत न्हाय." पुढं बिंदू चौक. फुले आणि आंबेडकरांचे पुतळे 1950 साली, म्हणजे बाबासाहेब हयात असताना बसवलेले. माझ्यासारखा माणूस अशा ठिकाणी जरा गंभीर होतो. मेहुणा म्हणाला, "हिम्मत असंल तर बिंदू चौकात या, असं एक पुढारी म्हणतो. दुसरा म्हणतो, तारीख सांगा. मग दोघं घरी बसत्यात आणि चौकात पोलीस उभं ऱ्हात्यात." शेजारी सबजेल आहे, त्यावरही तो काहीतरी बोलला. ते मी लिहीत नाही.

महाद्वार रोडवरची गर्दी, पापाच्या तिकटीवरच्या चपला हे सगळं मी चालता चालताच पाहिलं, कारण त्याला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पोचायचं होतं. तिथं मात्र थांबलो. म्हैस रस्त्याकडेला उभी, गवळी उकिडवा, पितळी चरवीत धार वाजतेय. समोरच पेला भरला. कोमट दूध, वर बोटभर फेस, आणि पेला तोंडाला लावला की नाकाला फेस लागणारच. माझं उपरणं बघून गवळी म्हणाला, "या पक्षाचं व्हय? मग पैसं आधी द्या." मी पाहुणा असल्याचं सांगितलं. "ते बी तेच म्हणत्यात. निवडून आल्यावर पाहुण्यागतच येत्यात." यंदा महापालिकेत कोण, असं विचारलं तर त्याला त्यात रसच नव्हता. गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीचं विचारा म्हणाला. ती खरी निवडणूक, बाकीच्या सरावाच्या.

परत आलो तर रुमाल होते, खुर्च्या नव्हत्या. रुमाल व्यवस्थित घडी घालून बांबूला बांधले होते, हा कोल्हापूरचा सभ्यपणा.

पावणेदहाला नेता आला. फटाके, हलगी, क्रेनवरून सोडलेला हार. तो गळ्यात घालायचा की आपण त्यात शिरायचं, यात चार मिनिटं गेली. मग व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं. एक नाव राहिलं, त्यामुळं ते गृहस्थ उठून उभे राहिले, म्हणून ते घेतलं. मग अंबाबाई, जोतिबा, शाहू महाराज यांना वंदन. मग कोल्हापूरकरांचं प्रेम, रस्सा आणि कुस्ती. "आणि आता मुद्द्याचं सांगतो..." असं नेता म्हणाला आणि घड्याळात दहा वाजले. आचारसंहिता! माइक बंद. तरी नेता बोलत राहिला. छातीवर हात, आभाळाकडं बोट, मूठ, नमस्कार. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काय ठरलं ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

"कसं वाटलं?" घरी जाताना मी मेहुण्याला विचारलं.

"ह्या नेत्याचं आजपतूर ऐकलेलं सगळ्यात चांगलं भाषण," तो मनापासून म्हणाला. "उद्या हितंच विरोधकांची उत्तरसभा हाय. उपरणं उलटं करून घाला, आतनं पांढरंच हाय."