ई-व्हेरिफायची भीती घालून विकला जाणारा नंबर

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या आणि इकडे-तिकडे विखुरलेल्या त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. तो सांगलीला माझ्या बहिणीकडे पोहोचला, तिने घाबरून तो डॅलसला मुलीकडे पाठवला, आणि संदेशाच्या शेवटी ज्या ‘सल्लागारा’चा संपर्क दिला आहे त्याला पैसे भरावेत का, असे भाचीने मला विचारले. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात नव्याने रुजू होणाऱ्यांची कागदपत्रे तपासणे हे माझे रोजचे काम आहे, आणि घरातली शिकलेली माणसेसुद्धा असल्या मजकुरावर विश्वास ठेवतात हे पाहून संताप येतो. म्हणून हे सविस्तर उत्तर.

संदेशाचा सारांश असा: ई-व्हेरिफाय ही अमेरिकी सरकारची सक्तीची परीक्षा असून उमेदवाराने मुलाखतीआधीच ती ‘पास’ करून घ्यावी लागते, तिच्यात नाव जुळले नाही तर त्याच दिवशी नोकरी जाते आणि देश सोडावा लागतो, कंपनी मागेल तीच कागदपत्रे द्यावी लागतात, एकदा नाव गेले की ही यंत्रणा माणसावर कायमची पाळत ठेवते, आणि या सगळ्यावर उपाय म्हणजे ओळखीच्या कन्सल्टन्सीकडून ई-व्हेरिफाय नंबर विकत घेणे, म्हणजे ‘स्टेम एक्सटेन्शन’ची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणाऱ्या कामाच्या परवानगीच्या मुदतवाढीची) काळजी मिटते आणि काम कुठेही करता येते.

मुळात ही व्यवस्था काय आहे ते आधी सांगतो. १९८६ च्या कायद्याने अमेरिकेतल्या प्रत्येक नोकरीदात्यावर नव्या कर्मचाऱ्याची ओळख आणि काम करण्याचा अधिकार तपासण्याची जबाबदारी टाकली. त्यासाठीचा कागद म्हणजे फॉर्म आय-९. तो अमेरिकी नागरिकालाही चुकत नाही. पहिला भाग कर्मचाऱ्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा, आणि कागदपत्रे पाहून दुसरा भाग कंपनीने त्यानंतरच्या तीन कामकाजी दिवसांत पूर्ण करायचा. ई-व्हेरिफाय ही या फॉर्मवरची माहिती सामाजिक सुरक्षा (सोशल सिक्युरिटी) प्रशासनाच्या आणि गृहसुरक्षा विभागाच्या नोंदींशी ताडून पाहणारी ऑनलाइन सोय आहे. १९९६ च्या कायद्यातून निघालेल्या एका पथदर्शी कार्यक्रमाच्या रूपाने ती १९९७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाली आणि २००७ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. ती वापरते कंपनी. कर्मचारी तिच्यात ‘बसत’ नाही, ‘पास’ होत नाही, आणि त्याला तिच्यासाठी एक पैसाही भरावा लागत नाही. कंपनीलाही सरकार शुल्क आकारत नाही.

त्यामुळे मुलाखतीआधी परीक्षा हा दावा पहिल्या पावलालाच कोसळतो. ई-व्हेरिफायमध्ये नोंदणी करताना प्रत्येक कंपनी सरकारशी एका सामंजस्य करारावर सही करते. हा करार सरकारी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो, आणि तो वाचण्याचे कष्ट घेतले असते तर संदेश लिहिणाऱ्याला निम्मा मजकूर लिहिताच आला नसता. उमेदवार निवडण्याआधीच्या चाळणीसाठी ही यंत्रणा वापरणार नाही, असे त्या करारात कंपनी लिहून देते. नोकरीचा प्रस्ताव दिला गेला, तो स्वीकारला गेला आणि आय-९ पूर्ण झाला, की मगच नोंद करता येते, आणि ती कामाच्या पहिल्या दिवसानंतरच्या तिसऱ्या कामकाजी दिवसापर्यंत करावी लागते. एखादा भरती एजंट ‘आधी ई-व्हेरिफाय क्लिअरन्स आणा, मग मुलाखत’ असे म्हणत असेल, तर तो खोटे बोलतो आहे. असे प्रमाणपत्र उमेदवाराला देणारे कोणतेही सरकारी कार्यालय नाही.

सक्तीच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य केले पाहिजे. देशभरातल्या सगळ्या खासगी कंपन्यांना ई-व्हेरिफाय बंधनकारक करणारा संघीय कायदा नाही. मात्र ठरावीक संघीय कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांना सप्टेंबर २००९ पासून ते बंधनकारक आहे, आणि काही राज्यांनी आपापले कायदे केले आहेत. ॲरिझोनाचा कायदा २००८ पासून लागू आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०११ मध्ये ग्राह्य ठरवला. फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना तो नियम आहे. टेक्सासमध्ये खासगी कंपन्यांवर अशी सरसकट सक्ती नाही. तेव्हा डॅलसमधली एखादी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये नाही म्हणून ती बनावट ठरत नाही. पदवीनंतरच्या पहिल्या बारा महिन्यांच्या ओपीटीसाठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीसाठी, कंपनीची नोंदणी लागतही नाही. ती लागते पुढच्या चोवीस महिन्यांच्या स्टेम मुदतवाढीसाठी, आणि नेमक्या याच फटीत हे सल्लागार दुकान थाटून बसले आहेत. त्यांच्याकडे येतोच.

त्याआधी नाव न जुळण्याविषयी, कारण या दाव्याने माझ्या बहिणीची झोप उडाली. नोंदींत तफावत आढळली की यंत्रणा जो निकाल दाखवते तो तात्पुरता असतो, आणि माणूस बेकायदा काम करतो आहे असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अशी तफावत जन्माने अमेरिकी असलेल्या माणसाच्या बाबतीतही निघू शकते. ती निघाल्यावर कंपनीने कर्मचाऱ्याला एकांतात सांगायचे असते, पुढील कार्यवाहीची नोटीस त्याच्या हातात द्यायची असते, आणि दाद मागायची की नाही हे त्याला ठरवू द्यायचे असते. त्याने दाद मागायची ठरवली की प्रकरण संबंधित खात्याकडे पाठवले जाते आणि तिथे जाण्यासाठी किंवा संपर्क साधण्यासाठी त्याला संघीय सरकारच्या कामकाजाचे आठ दिवस मिळतात. प्रकरण चालू असेपर्यंत कंपनीला त्याला काढता येत नाही, कामावरून थांबवता येत नाही, पगार कापता येत नाही आणि प्रशिक्षण लांबवता येत नाही. हेही त्याच करारात आहे. कर्मचाऱ्याने नोटिशीकडे दुर्लक्ष केले किंवा शेवटी अंतिम प्रतिकूल निकाल आला, तरच कंपनी त्याला काढू शकते. ‘त्याच दिवशी नोकरी गेली’ असे ज्यांच्या बाबतीत घडले असेल, त्यांच्या बाबतीत नियम कंपनीने मोडला आहे.

मराठी माणसांच्या बाबतीत अशी तफावत का निघते, हे मात्र संदेश लिहिणाऱ्याला सुचलेलेही नाही, आणि खरे उपयोगाचे तेच आहे. आपल्या पासपोर्टवर आडनावाचा एक रकाना आणि दिलेल्या नावाचा दुसरा रकाना असतो. या दुसऱ्या रकान्यात बहुतेकांचे स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकत्र असते. ‘अमृता विजय’ हे तिथे एकच नाव ठरते. सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत ‘विजय’ कधी मधले नाव होते, कधी पहिल्या नावाला चिकटते. आणि बायोडेटावर मुलीने नुसते ‘अमृता कुलकर्णी’ लिहिलेले असते, तेच कंपनीच्या प्रणालीत उतरते. लग्नानंतर पासपोर्ट नव्या नावाने निघाला आणि सोशल सिक्युरिटी कार्यालयाकडे कोणी फिरकलेच नाही, तर कुलकर्णी आणि देशमुख अशा दोन वेगळ्या बायका सरकारी नोंदींत उभ्या राहतात. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर आधारित व्हिसावर, येऊन पुढे कामाचा परवाना मिळवणाऱ्या अनेकींच्या बाबतीत हे मी पाहिले आहे. जन्मतारखेचा घोळ तर त्याहून साधा आहे. सात एप्रिल आपण ०७/०४ असे लिहितो, अमेरिकेत त्याचा अर्थ चार जुलै होतो, आणि दोन्ही तारखा खऱ्या असल्यामुळे चूक कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. नावातल्या अशा विसंगतींमुळे वैध कर्मचाऱ्यांनाही तफावतीला सामोरे जावे लागते, याकडे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने डिसेंबर २०१० च्या अहवालातही लक्ष वेधले होते.

यावरचा उपाय फुकट आहे. रुजू होण्याआधी पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद), ईएडी कार्ड (कामाचा परवाना) आणि सोशल सिक्युरिटी कार्ड एकमेकांशेजारी ठेवून प्रत्येकावरचे नाव अक्षर न् अक्षर वाचावे, नाव बदलले असेल तर आधी सोशल सिक्युरिटी कार्यालयात नोंद सुधारून घ्यावी, आणि आय-९ मध्ये पूर्वीच्या आडनावांसाठी असलेला रकाना मोकळा सोडू नये. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी अर्ज केला आहे पण तो अजून हाती आलेला नाही, अशा कर्मचाऱ्याला काम सुरू करता येते. ई-व्हेरिफायची नोंद कंपनी क्रमांक आल्यावर करते.

कागदपत्रांच्या दाव्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. आय-९ सोबत स्वीकारार्ह कागदपत्रांच्या याद्या असतात: ‘ए’ यादीतले एक, किंवा ‘बी’ आणि ‘सी’ यादीतले एकेक. निवड कर्मचाऱ्याची असते. ई-व्हेरिफाय वापरणारी कंपनी एवढाच आग्रह धरू शकते की ‘बी’ यादीतल्या ओळखपत्रावर छायाचित्र हवे. ‘ग्रीन कार्डच दाखवा’ असे कोणाच्या परदेशी चेहऱ्याकडे किंवा नावाकडे पाहून म्हणणे हा भेदभाव ठरू शकतो, आणि त्याविरुद्ध न्याय विभागाच्या नागरी हक्क शाखेतल्या इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स या विभागाकडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. पुढे व्हिसासाठी प्रायोजकत्व लागेल का, असे कंपनी विचारू शकते आणि लागणार असल्यास एफ-१ (विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्याला नाकारूही शकते, हे कटू असले तरी खरे आहे. पण त्याचा ई-व्हेरिफायशी संबंध नाही.

आता त्या नंबरविषयी. स्टेम मुदतवाढीच्या अर्जात विद्यार्थ्याला पदवी, ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेले कंपनीचे नाव आणि त्या कंपनीचा ई-व्हेरिफाय ओळख क्रमांक लिहावा लागतो. सल्लागार विकतो तो हा क्रमांक. तो जणू सरकारने कंपनीच्या सचोटीवर मारलेला शिक्का आहे, असे संदेशात भासवले आहे. तसे अजिबात नाही. संघीय करक्रमांक असलेली कोणतीही कंपनी ऑनलाइन नोंदणी करून हा क्रमांक मिळवू शकते. आपल्याकडे दुकानाच्या भिंतीवर गुमास्ता परवाना लावलेला असतो. तो पाहून दुकान नोंदलेले आहे एवढे कळते, माल खरा आहे की खोटा ते कळत नाही. या क्रमांकाचे तेवढेच आहे.

आणि क्रमांक हा त्या अर्जाचा सर्वांत सोपा भाग आहे. खरा भार फॉर्म आय-९८३ वर असतो. त्यात कंपनी आणि विद्यार्थी दोघे सही करून सांगतात की काम पदवीच्या विषयाशी निगडित आहे, आठवड्याला किमान वीस तासांचे आहे, पगार तशाच कामावरच्या अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या तोडीचा आहे, आणि शिकवणारा, देखरेख करणारा कोणीतरी खरोखर तिथे आहे. बारा महिन्यांनी आणि शेवटी मूल्यमापन द्यावे लागते. नोकरी सुटली तर कंपनीने पाच कामकाजी दिवसांत विद्यापीठाच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचे असते. इमिग्रेशन खाते प्रत्यक्ष कामाच्या जागी भेट देऊ शकते, आणि तक्रार आलेली असेल तर पूर्वसूचनेशिवायही येऊ शकते. ज्या कंपनीचा क्रमांक विकत घेतला तिच्या पत्त्यावर विद्यार्थी नाही, टेबल नाही, पगाराची नोंद नाही, आणि तो भलत्याच शहरात भलत्याच ठिकाणी राबतो आहे, हे उघड झाल्यावर त्याचे काय होते?

जे होते त्याविषयी संदेशात एक अक्षरही नाही. त्याचे काम अनधिकृत ठरते, एफ-१ दर्जा जातो, आणि सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती देऊन लाभ मिळवल्याचा ठपका बसला तर अमेरिकेत प्रवेशाची अपात्रता कायमची मागे लागते. तिच्यातून सूट मिळण्याच्या वाटा फार थोड्या आहेत. हे लगेच उघडकीला येईलच असे नाही, आणि धोका तिथेच आहे. दोन-तीन वर्षांनी एच-१बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) अर्ज जातो, अधिकारी मागच्या काळाच्या पगारपावत्या आणि कराचे कागद मागतो, आणि तेव्हा दाखवायला काहीच नसते. केवळ कागदावर नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांवर २०१९ मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयात व्हिसा फसवणुकीचा खटलाही उभा राहिला होता. सल्लागार पैसे घेऊन मोकळा होतो. अर्जावर सही विद्यार्थ्याची असते. मुलांच्या शिक्षणासाठी घर गहाण टाकलेल्या पालकांच्या भीतीवर हा धंदा चालतो, आणि असा संदेश ‘माहितीसाठी’ म्हणून पुढे ढकलणारा प्रत्येक जण त्या धंद्याला गिऱ्हाईक मिळवून देतो आहे. नोकरी शोधायला वेळ लागत असेल, तर नियमांनी त्याची सोय केलेली आहे: पहिल्या ओपीटीत नव्वद दिवस आणि मुदतवाढीत आणखी साठ, असे एकूण दीडशे दिवस बेरोजगारीला परवानगी आहे. ते दिवस अपुरे वाटू शकतात, आणि आजच्या बाजारात ते अपुरे आहेतही. पण त्यावरचा मार्ग डीएसओच्या खोलीतून जातो. डीएसओला विद्यार्थ्याची फाइल माहीत असते.

राहिला कायमच्या पाळतीचा मुद्दा. वर्षानुवर्षे तो साफ खोटा होता, कारण नोंद एकदाच, नव्या नेमणुकीच्या वेळी होते. परवान्याची मुदत संपल्यावर कंपनी आय-९ च्या पुरवणीत नवा कागद नोंदवते, त्यासाठी ई-व्हेरिफाय पुन्हा चालवायला मनाई आहे. पण जून २०२५ पासून यंत्रणेत एक नवा अहवाल आला आहे. कर्मचाऱ्याने आय-९ साठी दाखवलेले ईएडी कार्ड सरकारने नंतर रद्द केले असेल, तर त्याची माहिती कंपनीला त्यातून मिळते आणि कंपनीला कागदपत्रे पुन्हा तपासावी लागतात. तेव्हा या एका मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, एवढे कबूल करतो. मात्र हा अहवाल रद्द झालेल्या कार्डांपुरता आहे. त्यात कोणाचे फोन, बँक खाती किंवा घरचे पत्ते तपासले जात नाहीत. ज्याच्या हातात वैध कार्ड आहे, ज्याची नोकरी खरी आहे आणि जो आय-९८३ मध्ये लिहिलेल्या जागीच काम करतो, त्याच्यासाठी या अहवालात काही नाही.

भाचीने पैसे भरलेले नाहीत. तिच्या पहिल्या ओपीटीचे सात महिने अजून शिल्लक आहेत आणि मुदतवाढीचा अर्ज ओपीटी संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत करता येतो. तो वेळेत दाखल झाला, की जुने कार्ड संपल्यावरही निर्णय होईपर्यंत, कमाल १८० दिवस, काम चालू ठेवता येते. सल्लागाराने तिला ‘आजच नंबर घेतला नाही तर उशीर होईल’ असे सांगितले होते.