पावणेदोन नावाची जागा

गेल्या डिसेंबरात तीन आठवडे नाशिकला माहेरी होते. पंचवटीतल्या आमच्या घरी भाचा गृहपाठ करत बसला होता. पाचवीत आहे, इंग्रजी माध्यमात. गणित होतं १/२ + १/३. त्याने छेद सारखे केले, तीन आणि दोन पाच, खाली सहा. उत्तर ५/६. बरोबर, आणि अक्षरही सुरेख. मी खडू घेतला, मागच्या पडवीतल्या शहाबादी फरशीवर एक लांब रेघ ओढली, शून्यापासून दहापर्यंत खुणा केल्या आणि म्हटलं, "तुझं हे उत्तर या रेघेवर कुठे येईल, तिथे जाऊन उभा राहा बरं."

तो उठला आणि पाच आणि सहाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

मुलगा हुशार आहे. त्याला कोणी कमी शिकवलं असंही नाही, वहिनी रोज त्याच्याजवळ बसते. पण त्याच्या लेखी ५/६ ही एक संख्या नव्हती. त्या दोन संख्या होत्या, मध्ये आडवी रेघ असलेल्या. दोन्हींवर करायच्या क्रिया त्याला पाठ होत्या, म्हणून उत्तर बरोबर येत होतं. उत्तर एकापेक्षा लहान आहे, अर्ध्यापेक्षा मोठं आहे, हे त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी हे लिहिलं आणि वाद पेटला. निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे काका म्हणाले, पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव, अर्ध्या आणि पाऊणचे पाढे शाळेतून गेले तेव्हापासून गणिताचा पाया गेला. दादाचं म्हणणं उलट: आता सगळं दशांशात चालतं, वजनकाट्यावर ०.७५० दिसतं, मग पोरांच्या डोक्यावर सव्वा-दीडचं ओझं कशाला? २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हाही आमच्याकडे हाच सामना झाला होता. जुनं ठेवायचं की सोपं करायचं, एवढ्या दोनच बाजू. तेव्हा एकवीस ते नव्व्याण्णव या नावांवर घराघरांत बोललं गेलं, पण एकाच्या आतल्या आणि दोन पूर्णांकांच्या मधल्या संख्यांच्या नावांचा विषय माझ्या कानावर तरी आला नाही. मला त्याच नावांबद्दल बोलायचं आहे.

मी अमेरिकेत, शिकागोजवळच्या एका गावात राहते. लेक चौथीत आहे. आठवड्यातून एकदा तिच्या वर्गात मदतीला जाते आणि रविवारी मराठी शाळेत शिकवते. त्यामुळे अपूर्णांकांपाशी अडखळणारी मुलं दोन्ही भाषांत पाहिली आहेत, आणि अडखळण्याचा क्रम मला आता ओळखीचा झाला आहे.

तीन-चार वर्षांच्या मुलाला समान वाटणी कळते. भावाला मोठा तुकडा गेला की ते लगेच सांगतं. 'अर्धा' त्याला शाळेआधीच येतो. मग पहिली-दुसरीत मोजणी पक्की होते आणि तीच पुढे आडवी येते. आठ हा सहापेक्षा मोठा, म्हणून १/८ हा १/६ पेक्षा मोठा. अभ्यासक याला पूर्ण संख्यांचा पगडा म्हणतात, आणि तो जगभरच्या मुलांत दिसतो. तो मोडावा म्हणून आपण सांगतो, छेद मोठा तर तुकडा लहान. मूल ते ऐकतं आणि दुसऱ्या टोकाला जातं: ७/८ हा ३/४ पेक्षा लहान, कारण आठाचे तुकडे लहान. त्याच्या पुढच्या पायरीवर ३/४ आणि ५/६ सारखेच, कारण दोन्हींत एकच तुकडा कमी आहे. हे मला पहिल्यांदा लेकीच्या वर्गातल्या एका मुलाने सांगितलं तेव्हा मी थांबून विचारात पडले, इतकं ते तर्काला धरून होतं. एकच तुकडा कमी आहे हे खरं, पण कमी असलेला तुकडा केवढा, हे त्याने अजून पाहिलं नव्हतं. आणि मग १/२ + १/३ = २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली. हे उत्तर अर्ध्याहून लहान आहे. अर्ध्यात काही घातलं आणि ते कमी झालं! रेघ डोळ्यांसमोर असलेलं मूल इथे स्वतःच थबकतं, नसलेलं मूल पुढच्या गणिताला जातं.

अमेरिकेत हे सगळं नीट होतं, असं कोणी समजू नये. १९७८ च्या इथल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की १२/१३ + ७/८ ची बेरीज कशाच्या जवळ येईल: १, २, १९ की २१? दोन्ही जवळजवळ एक, म्हणून दोन. हे फक्त २४ टक्के मुलांना आलं. बाकीच्या बऱ्याच जणांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे वरचे मिळवले किंवा खालचे. माझा भाचा ज्या जागी उभा राहिला, तिथेच ती मुलं उभी होती.

पुढे २०१० मध्ये आमच्या इलिनॉयसह बऱ्याच राज्यांनी 'कॉमन कोअर' हे शालेय अभ्यासाचे निकष स्वीकारले, आणि त्यात तिसरीतच सांगितलं की अपूर्णांक ही संख्यारेषेवरची एक संख्या म्हणून समजली पाहिजे. तिसरीत छेदही मोजकेच: २, ३, ४, ६, ८. चौथीत सममूल्य अपूर्णांक, तुलना आणि समान छेदांची बेरीज. भिन्न छेदांची बेरीज पाचवीत, म्हणजे आपल्याकडे येते तेव्हाच. फरक आधीच्या दोन वर्षांत आहे. ती वर्षं रेघेवर, कागदी पट्ट्यांवर, 'अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे' या प्रश्नावर जातात. इथले पालकही कुरकुरतात: सरळ रीत शिकवा ना, एवढी चित्रं कशाला? मीही पहिल्या वर्षी कुरकुरले होते. नंतर २०१२ चा एक अभ्यास वाचनात आला. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या मुलांची जुनी माहिती तपासून मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की दहा-बाराव्या वर्षीची अपूर्णांक आणि भागाकाराची समज पुढे पाच-सहा वर्षांनंतरच्या गणिताचा अंदाज देते, घरची मिळकत आणि बुद्ध्यंक हिशेबात धरल्यावरही. त्यानंतर चित्रांबद्दलची माझी तक्रार संपली.

पण पडवीत त्या दिवशी पुढे जे झालं, ते इथल्या कुठल्याच वर्गात मला करता आलेलं नाही.

आई दारात उभी राहून पाहत होती. तिने दुसरी रेघ ओढायला लावली, शून्य ते दोन, पण ऐसपैस, फरशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाली, "आता मी सांगते तसा चाल." आणि एका सुरात म्हणत गेली: पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन. तो प्रत्येक शब्दाला एक पाऊल टाकत गेला. परत उलटा आला. तिसऱ्या खेपेला आई मध्येच म्हणाली, "पावणेदोन!" तो दोनपाशी धावला आणि एक पाऊल मागे आला.

ते मागे आलेलं पाऊल मी विसरणार नाही. पावणेदोन म्हणजे पाव उणे दोन. शब्दच सांगतो की दोनपर्यंत जा आणि पाव मागे ये. पाऊण हा पादोन, पाव कमी असलेला एक. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. साडेतीन म्हणजे अर्ध्यासकट तीन. अडीचच्या पोटात अर्धतृतीय आहे, म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा. हे सगळे शब्द संख्यारेषेवरचे पत्ते आहेत. इथली शिक्षिका तिसरीच्या मुलांना 'एक पूर्णांक तीन चतुर्थांश हा दोनच्या किती जवळ आहे' हे समजावायला दोन तास घेते. आमच्या पंचवटीत ते एका शब्दात आहे आणि तो शब्द पोराच्या आजीला येतो.

नावाने फरक पडतो, हे माझं घरचं प्रेम बोलत नाही. कोरियन भाषेत पाव म्हणजे 'चार भागांतला एक'. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शाळेत अपूर्णांक शिकवण्याआधीच, सहा-सात वर्षांची कोरियन मुलं नावावरून चित्र ओळखण्यात अमेरिकन आणि क्रोएशियन मुलांच्या पुढे होती. २००३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी अमेरिकन मुलांना तशाच धर्तीची इंग्रजी नावं सांगितली, तर त्यांचीही कामगिरी सुधारली.

म्हणून काकांना मी म्हणेन, तुमची अर्धी गोष्ट मला मान्य आहे. सतरा पाव सव्वाचार, सात पाऊण सव्वापाच हे तोंडात असणारा माणूस बाजारात अडत नाही. त्याच आठवड्यात गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात भाजीवाल्या मावशींना गवारीचा भाव विचारला. साठ रुपये किलो. "पाऊण द्या" म्हणेपर्यंत त्यांनी "पंचेचाळीस" सांगितलं होतं, काट्यावरचा आकडा स्थिर व्हायच्या आधी. पण औटकीपर्यंतचे पाढे छडीच्या धाकाने घोकणारी आणि तरीही औट म्हणजे साडेतीन हे न सांगता येणारी पोरंही त्या काळात होती, हे काकांनीच मला लहानपणी सांगितलेलं आहे. चाल नुसती कानात राहिली, पायात उतरली नाही, तर पावकीचंही ५/६ सारखंच होतं.

आणि दादा, दशांश हवेतच. १९५७ मध्ये नवे पैसे आले, २०११ मध्ये चार आण्यांचं नाणंही चलनातून गेलं, कोणाला सोळा आण्यांचा हिशेब परत नको आहे. पण तुझ्याच लेकाला मी बाजारातून येताना विचारलं, पाऊण म्हणजे किती? "झीरो पॉइंट सेव्हन फाइव्ह" हे त्याने पटकन सांगितलं. ते एकाच्या जवळ की अर्ध्याच्या, यावर तो गप्प झाला. दोन्हींपासून सारखंच दूर आहे, हे त्याला फरशीवर उभं राहून दिसलं. निफाडच्या मामांकडे द्राक्षबागेत वाढलेल्या पोराला तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर हे चालता चालता कळतं. ते ज्ञान इंग्रजी माध्यमाच्या दारात का काढून ठेवायला लावायचं? बाईंनी शिकवणं इंग्रजीत ठेवावं आणि पावणेदोन म्हणावं. वर्गातल्या प्रत्येक मराठी मुलाच्या घरी घड्याळ त्याच भाषेत वाचलं जातं.

या शब्दांची एक मर्यादा मला इथल्या स्वयंपाकघरात कळली. अमेरिकेतल्या मापाच्या कपांच्या संचात सहसा एक, अर्धा, एक तृतीयांश आणि पाव असे चारच कप असतात. आईच्या शिऱ्याला एक वाटी रव्याला पाऊण वाटी साखर लागते. पाऊणचा कप संचात नाही. लेकीने अर्धा भरला, मग पाव भरला, आणि म्हणाली, "किंवा एक भरून पाव काढून घेतला तरी चालेल ना?" हे तिला शब्दाने दिलं. पण त्या एक तृतीयांशच्या कपाला आमच्या रोजच्या बोलण्यात नाव नाही. आपले शब्द पाव-अर्ध्यावर उभे आहेत. तिसरा, पाचवा, सातवा भाग आला की शब्द थांबतात आणि तिथे रेघच लागते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अभ्यासकांनी समान वाटणी आणि मापन या दोन अर्थांवरून अपूर्णांक शिकवण्यावर काम केलं आहे. भाकरीचे तुकडे आणि फूटपट्टी, दोन्ही. मला हेच वर्गात हवं आहे, आणि रेघेवरची पहिली नावं आजीच्या तोंडची हवी आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी भाच्याला ५/६ परत विचारलं. फरशीवरचा खडू पुसला गेला होता. तो पाऊणच्या जागेवर गेला, किंचित पुढे सरकला, आणि एकाला पाय न लावता थांबला.

आमच्याकडे फोनची वेळ ठरवणं हे लेकीचं काम आहे. नाशिक आणि शिकागोत हिवाळ्यात साडेअकरा तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेदहा. मार्चमध्ये इथली घड्याळं पुढे सरकली त्या रविवारी ती बोटांवर न मोजता म्हणाली, "इथे रात्री सव्वाआठ वाजता करू. आजीकडे सोमवारचे पावणेसात झालेले असतील, तिचा चहा झालेला असेल."