'नव्या घराच्या भिंती फोडल्या, वर जादा पैसे लावले' या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमच्या नव्या घरात चोरीचा अलार्म बसवताना त्रास झाला त्याबद्दल माफी. मंगळवारी येतो सांगून आमचा माणूस बुधवारी दुपारी आला आणि साधा फोनही केला नाही, ही चूक आमचीच. हॉलमधली केसिंग पट्टी (भिंतीवरून जाणारी तार झाकणारी) डोळ्यांना खुपते, तेही मान्य.

पण 'भिंती फोडल्या आणि ३,२०० उकळले' हे अख्खं जळगाव वाचणार, म्हणून सविस्तर लिहितो.

कोटेशन वीटकाम चालू असतानाच दिलं होतं. अलार्मचे पॉइंट नऊ: दोन दरवाजे, पाच खिडक्या, दोन मोशन सेन्सर (हलणारी उष्णता टिपणारे). प्रत्येक पॉइंटला २० एमएमचा वेगळा पाइप आणि चार तारांची अखंड केबल, थेट जिन्याखालच्या पॅनेलपर्यंत, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीपर्यंत. दार-खिडकी उघडली की कळवणाऱ्या चुंबकाच्या स्विचला दोनच तारा लागतात. उरलेल्या दोन, उद्या एखादी तुटली तर कामाला येतात. पाइप टाकून, आत केबल ओढायची जीआय (लोखंडी) तार सोडून आमची माणसं गेली. 'प्लास्टरच्या दोन दिवस आधी कळवा' हे कोटेशनवर ठळक लिहिलंय, कारण तेव्हा प्रत्येक तार ओढून बघायची असते आणि पाइपांची तोंडं पक्की बंद करायची असतात.

तुमचा फोन आला तेव्हा प्लास्टर सुकलेलं होतं. नऊपैकी तीन पाइपांत सिमेंटचा माल उतरलेला, एकात तर पार बेंडपर्यंत. तार हलेचना. दोन ठिकाणी भिंतीत झिरी (खाच) मारली, मिळून २२ फूट. त्याचं कटिंग, नवा पाइप आणि परत प्लास्टर, एवढ्याचेच ते ३,२०० आहेत. तिसऱ्या ठिकाणी पुट्टी झाली होती आणि तुम्हीच फोडू नका म्हणालात. म्हणून ती पट्टी.

'शेजारच्या लाइटच्या पाइपातून वायर ओढता आली असती' असं तुमच्या वायरमनने सांगितलं म्हणता. ओढता येते, पण ओढू नये. २३० व्होल्टच्या तारेला चिकटून १२ व्होल्टची सेन्सरची तार गेली की सायरन उगाच वाजतो, आणि इन्सुलेशन गेलं तर पॅनेलच जळतं. आम्ही दोन्हींत फूटभर अंतर ठेवतो. स्वस्तात पडतं म्हणून हे सोडणार नाही.

राहिला दुपारी उगाच वाजणारा सायरन. हॉलचा सेन्सर साडेसात फुटांवर, पश्चिमेच्या खिडकीकडे पाठ करूनच बसवला होता. एप्रिलमध्ये तुम्ही समोरच्या खिडकीत कूलर लावला. त्याच्या वाऱ्याने तापलेला पडदा सेन्सरपुढे फडफडतो आणि सेन्सरला तो माणूसच वाटतो. शिवाय कूलरमुळे खिडकीचं दार लागत नाही, चुंबक स्विचपासून लांब राहतो. उन्हाळाभर तो झोन, म्हणजे त्या खिडकीचा पॉइंट, पॅनेलवर बायपास (तात्पुरता बंद) ठेवावा लागतो. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं.

पट्टी भिंतीच्या रंगाची लावून देतो, पैसे नकोत. प्लास्टरच्या वेळी आम्हीच गिऱ्हाइकाला फोन करायचा असंही दुकानात ठरवतोय. तोवर पडदा बाजूला बांधून बघा. तरीही वाजला तर वेळ लिहून ठेवा, पॅनेलच्या नोंदीशी ताडून बघू.